अर्थिंग

जहाजाच्या कंपनीची यादी
मी फ्रिजवर लावली, द्राक्षाच्या घडाच्या मॅग्नेटखाली.
आणू नये: इस्त्री, किटली, पाण्यात बुडवायचा रॉड,
सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड.
शैलजाने ती चष्मा लावून वाचली
आणि बॅगेत सगळ्यात आधी रॉडच ठेवला,
टॉवेलच्या घडीत, तान्ह्या पोरासारखा.

"केबिनमध्ये गरम पाणी असतं गं."
"आणि नसलं तर?"
या तीन शब्दांवर आमचा छत्तीस वर्षांचा संसार उभा आहे,
सातपूरच्या भाड्याच्या खोलीपासून
पाथर्डी फाट्याजवळच्या या रो-हाउसपर्यंत.

खैरनार वहिनींनी मागच्या साली किटली नेलेली.
बंदरावरच काढून घेतली,
उतरताना परत दिली, वर खोलीचा नंबर,
आत त्यांनीच दडवलेली गवती चहाची पुडी
जशीच्या तशी.

मी एकतीस वर्षं कंपनीत ब्रेकर तपासले.
मुद्दाम ट्रिप करायचे एकेक,
बघायचं, कुठल्या क्षणी हात सोडतो.
जो उशिरा सोडतो तो रिजेक्ट.

म्हणून तिला ओसरीवर बसवून सांगितलं:
आपल्या विजेला माघारी जायला जमीन आहे.
तीन पिनांतली ती जाड पिन
थेट कढीपत्त्याशेजारच्या खड्ड्यात उतरते,
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
खाली ओली काळी माती.
जहाजाखाली माती नाही.
तिथली वायरिंग जमिनीला बांधलेली नसते,
तरंगते, आपल्यासारखीच, लोखंडी भिंतींच्या आत.
आणि आपला हा बोर्ड भाबडा;
जादा आलं की अर्थला ढकलायचं
एवढंच शिकलेला.
तो तिथे जमीन चाचपत बसेल,
तापेल,
आणि तुला कळेल तेव्हा पडदा पेटलेला असेल.

"एवढ्या पाण्यात आग?"
"पाणीच पाणी. पण पळायला अंगण नाही,
आणि बंब काही शिंगाडा तलावावरून येणार नाही."

ती उठली. रॉड काढला.
मग बोर्ड. मग, मला माहीतच नव्हती,
साड्यांच्या मधोमध लपवलेली छोटी इस्त्री.
चुरगळलेल्या साडीत फोटो काढीन, म्हणाली,
अशा आवाजात की वाटलं, ब्रेकर पडला.

उरलं माझं मशीन.
झोपेत मी श्वास घ्यायचा विसरतो,
ते आठवण करून देतं, रात्रभर, नाकावर बसून.
त्यासाठी महिनाभर आधी कळवलं होतं.
उत्तर आलं: मशीन आणा, वायर आम्ही देऊ,
आमची, तपासलेली. पाणीही देऊ.
मी ते पत्र दोनदा वाचलं. वायर कितवी एमएमची, लिहिलं नव्हतं.

इथे रात्री लाईट जाते तेव्हा
पंख्याने नाही, मशीनच्या गप्प होण्याने तिला जाग येते.
मग तिचा हात माझ्या छातीवर.
अंधारात, लाईट येईपर्यंत,
मोजत असते काहीतरी.
मी जागा असतो. सांगत नाही.

"जहाजावर लाईट जात नाही," मी म्हटलं.
"आणि गेली तर?"
या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं,
बॅगेची चेन लावायला वाकलो.

निघायच्या सकाळी, गाडी दारात,
मी खड्ड्यातल्या पाइपात बादली ओतली.
उन्हाळा आहे, माती सुकली की करंट रुसतो.
किल्ली द्यायला गेलो तेव्हा वहिनींना सांगितलं,
आठ दिवस रोज एक बादली.
त्या म्हणाल्या, घालीन हो, कढीपत्ता फार छान आलाय.
मी म्हटलं, हो.